गिलोटिन: डॉक्टरच्या आडनावाला चिकटलेलं पातं

मराठीत आपण ‘ते गिलोटिन’ म्हणतो. मशीन, इंजिन यांच्या पंगतीत बसवून आपण त्याला नपुंसकलिंगी करून टाकलं आहे. फ्रेंचांच्या तोंडी मात्र ती ‘ती’ आहे: ला गियोतीन. हा फरक किरकोळ वाटेल, पण या शब्दाची निम्मी गोष्ट त्या स्त्रीलिंगी शेपटातच आहे. एका माणसाचं आडनाव उचललं, त्याला शेपूट जोडलं आणि मान कापायच्या यंत्राला लावून दिलं. तो माणूस पेशाने डॉक्टर. त्याने हे यंत्र शोधलं नव्हतं, त्याचा आराखडा काढला नव्हता, ते बांधलंही नव्हतं. बऱ्याच जणांचा समज असतो तसा तो त्याच्यावर मेलाही नाही. त्याचं चुकलं एवढंच, की भर सभेत तो एकदा ‘माझं यंत्र’ असं बोलून गेला.

आधी आडनाव. जोसेफ इग्नास गियोतँ हा त्याच्या नावाचा फ्रेंच उच्चार. शेवटचा ‘न’ नाकात विरतो आणि मधला ‘ल’ तर ऐकूच येत नाही. आपल्याकडे हा शब्द इंग्रजीच्या वाटेने आला, म्हणून आपल्या ‘गिलोटिन’मध्ये ‘ल’ आहे. आडनावाचं मूळ ‘गियोम’ या साध्या पुरुषनामात आहे, म्हणजे इंग्रजीतला विल्यम. गियोमचं लाडाचं रूप गियो, आणि त्याचं आणखी लाडाचं रूप गियोतँ. आपण रामाचा राम्या किंवा रामू करतो, तसंच. आता फ्रेंचमध्ये ‘माशीन’, म्हणजे यंत्र, हा शब्द स्त्रीलिंगी. म्हणून गियोतँचं यंत्र झालं ‘गियोतीन’. कानाला ‘माशीन’ आणि ‘गियोतीन’ यांचं यमकही छान जुळतं. हे यमक लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घात केला.

१७८९ च्या आधी फ्रान्समध्ये माणूस कसा मरणार हे त्याने काय केलं यापेक्षा तो कोण होता यावर जास्त ठरायचं. सरदार-उमराव असेल तर तलवारीने शिरच्छेद. तो मानाचा मृत्यू. सामान्य माणूस असेल तर फास, आणि फासावर तडफडायला बराच वेळ लागे. वाटमाऱ्यांना चाकावर बांधून लोखंडी कांबीने हाडं मोडत. राजावर चाकू चालवणाऱ्या दामियँला १७५७ मध्ये पॅरिसच्या चौकात चार घोड्यांकडून फाडून मारलं होतं, आणि ते बघायला लोकांनी खिडक्या भाड्याने घेतल्या होत्या. शिवाय शिक्षा एकट्या गुन्हेगाराला होत नसे. मालमत्ता जप्त व्हायची आणि घराण्याला कायमचा बट्टा लागायचा.

क्रांतीच्या पहिल्याच वर्षी, १० ऑक्टोबर १७८९ रोजी, राष्ट्रीय सभेचे सदस्य असलेल्या डॉक्टर गियोतँ यांनी हे सगळं बदलायचा प्रस्ताव ठेवला. त्यातली कलमं आज वाचली तर यंत्र हा त्यातला सगळ्यात बारका मुद्दा वाटतो. गुन्हा एक तर शिक्षा एक, मग गुन्हेगार कोणत्याही दर्जाचा असो. गुन्ह्याचा डाग कुटुंबावर नको. मालमत्ता जप्त करायची नाही. नातेवाइकांनी मागितलं तर प्रेत त्यांना द्यायचं. आणि देहदंड असेलच, तर तो सर्वांना शिरच्छेदानेच द्यायचा, तोही एखाद्या साध्या यंत्राने, म्हणजे जल्लादाचा हात चुकायचा प्रश्नच नको. डॉक्टर स्वतः देहदंडाच्या विरोधात होते. तो लगेच रद्द होणार नाही हे ओळखून त्यांनी निदान यातना तरी कमी करायचं ठरवलं, असं त्यांच्या या कलमांवरून दिसतं. ज्याला आज आपण समान न्याय म्हणतो त्याचा हा अगदी कोवळा मसुदा होता.

१ डिसेंबरला विषय पुन्हा सभेत आला आणि डॉक्टरांच्या बोलण्याला जरा जास्तच धार चढली. ते नेमकं काय बोलले याची वर्तमानपत्रांनी वेगवेगळी रूपं छापली, पण मतितार्थ एकच: माझ्या यंत्राने मी पापणी लवायच्या आत तुमचं डोकं उडवीन आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही. सभागृह खो खो हसलं. डॉक्टर लोकांना दुखणार नाही असं सांगायची सवयच असते. दात काढणारा म्हणतो, इंजेक्शन देणारा म्हणतो. पण इथे ते डोक्याबद्दल म्हटलं गेलं आणि तेही ‘तुमच्या’ डोक्याबद्दल. हसणाऱ्यांतले काही जण पुढे खरोखरच त्या पात्याखाली गेले.

ही संधी राजनिष्ठांच्या एका टवाळखोर पत्राने सोडली नाही. ‘प्रेषितांची कृत्यं’ असं बायबलमधून उचललेलं नाव घेतलेल्या या पत्राने तेव्हाच्या एका लोकप्रिय नाचाच्या चालीवर डॉक्टरांची खिल्ली उडवणारं गाणं छापलं. फाशी हे काही देशभक्ताला शोभत नाही, असं या डॉक्टरला वाटलं आणि त्याने एक यंत्र काढलं, अशा थाटाचं ते गाणं. शेवटी माशीन आणि गियोतीन यांचं यमक जुळवून त्याने यंत्राचं बारसं करून टाकलं. म्हणजे नाव आधी आलं. यंत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हतं, त्याचा कागदावरचा आराखडाही नव्हता. होतं फक्त विडंबन.

इथे क्षणभर आपल्या शब्दांकडे बघू. मराठीत मृत्युदंडाच्या साधनांची नावं वस्तूच्या आकारावरून आली आहेत. ‘फाशी’ फासावरून आणि फास संस्कृत ‘पाश’ला जवळचा, म्हणजे दोरीचा फेरा. ‘सूळ’ आला ‘शूल’वरून, म्हणजे टोकदार दांडा. त्याच सुळाची भावंडं आपल्या तोंडात आहेत (सुळा दात), सह्याद्रीत आहेत (सुळका) आणि पोटात उठतात (पोटशूळ). ‘सुळावरची पोळी’ म्हणताना आपल्याला कोणी माणूस आठवत नाही. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ या म्हणीतही संन्याशाचं नाव नाही. गिलोटिनची म्हण मराठीत झाली असती, तर तीही बहुतेक पात्यावरून झाली असती. आडनावावरून नावं पडण्याचं प्रकरण आपल्याकडे कमी. ‘तुघलकी कारभार’सारखी मोजकी उदाहरणं सापडतात, पण तुघलकाने निदान कारभार तरी केला होता. फ्रेंचांना मात्र याची चांगलीच हौस. पॅरिसच्या ज्या प्रशासकाने १८८४ मध्ये घरोघरी कचऱ्याचे डबे सक्तीचे केले त्याचं आडनाव होतं पुबेल, आणि आज फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला ‘पुबेल’च म्हणतात. संध्याकाळी डबा बाहेर ठेवताना त्याच्या वंशजांना कसं वाटत असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पुन्हा पॅरिसकडे. १७९१ च्या नव्या दंडसंहितेत ‘मृत्युदंड झालेल्या प्रत्येकाचा शिरच्छेद केला जाईल’ असं छोटंसं कलम आलं. समानता झाली, पण अडचण पुढे होती. पॅरिसचा जल्लाद शार्ल-आंरी सांसों याने सरकारला लेखी कळवलं की तलवारीने हे जमायचं नाही. एकाची मान उतरवली की पातं बोथट होतं, मध्येच तुटूही शकतं, आणि मरणाऱ्याने ताठ व निश्चल राहावं लागतं. सरदारांना ते शिकवलेलं असतं, सगळ्यांना कसं जमणार? धंद्यातल्या माणसाची ही व्यावहारिक तक्रार होती आणि ती खरी होती.

मग सरकारने शस्त्रवैद्यांच्या अकादमीचे सचिव आंत्वान लुई यांचा सल्ला घेतला. ७ मार्च १७९२ रोजी लुईंनी अहवाल दिला: मानेचे मणके कसे आहेत, तलवार कुठे अडते, वरून पडणारं वजनदार पातं का चुकत नाही. त्याच महिन्यात सभेने तो मान्य केला. हे लुई साधे गृहस्थ नव्हते. आपल्याकडचा एमबीबीएसचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी छातीच्या मधल्या हाडावरचा एक उंचवटा चाचपायला शिकतो, त्यावरून फासळ्या मोजतात. त्याला ‘अँगल ऑफ लुई’ म्हणतात आणि त्याचं श्रेय साधारणपणे याच लुईंना दिलं जातं.

यंत्र बांधायला सरकारी सुताराने साडेपाच हजार लिव्हरांच्या (लिव्हर म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) वर आकडा सांगितला. तेव्हा काम गेलं तोबियास श्मिट या जर्मन कारागिराकडे, कारण त्याने ते हजाराच्या आत करून द्यायचं कबूल केलं. हा श्मिट तंतुवाद्यं बनवायचा, हार्पसिकॉर्ड नावाची पेटीसारखी पट्ट्यांची वाद्यं. लाकूड ताणात कसं राहतं आणि खाचेतून वस्तू न अडकता कशी सरकते, हे ज्याला कळतं त्यालाच असं यंत्र जमणार. १७ एप्रिलला पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या रुग्णालयात प्रेतांवर चाचणी झाली. आठ दिवसांनी, २५ एप्रिल १७९२ रोजी, ग्रेव्हच्या चौकात पेल्तिए नावाच्या वाटमाऱ्यावर पहिला प्रयोग झाला. गर्दी जमली होती आणि ती नाराज होऊन परतली. बघायला काही मिळालंच नाही, इतक्यात सगळं उरकलं होतं.

यंत्र दिसायला साधं. सुमारे चार मीटर उंचीचे दोन खांब, त्यांत आतून खाचा, त्या खाचांतून घसरणारं तिरकं पातं आणि त्यावर बसवलेलं जड वजन. दोन्ही मिळून साधारण चाळीस किलो भरे. या वजनाला फ्रेंच कारागीर ‘मेंढा’ म्हणत. मान अडकवायच्या दोन अर्धगोल फळ्यांना ‘ल्युनेत’, म्हणजे छोटा चंद्र. माणसाला बांधून आडवं करायची फळी म्हणजे ‘बास्क्युल’, मुलांच्या सी-सॉसाठीचाच शब्द. सगळी सुताराच्या घरची नावं. पातं तिरकं करायची सूचना खुद्द सोळाव्या लुई राजाने केली, अशी एक दंतकथा फार आवडीने सांगतात. राजाला कुलपं बनवायचा नाद होता आणि शेवटी तोच त्या पात्याखाली गेला, म्हणून ती ऐकायला झकास वाटते. पण तिला पुरावा नाही.

खरं म्हणजे आधी यंत्राला नाव पडलं होतं ते लुई सचिवांचं: ‘लुईझों’ किंवा ‘लुईझेत’. तेच न्याय्य होतं, आराखडा त्यांचा होता. काहींनी तर वक्ता मिराबोच्या नावावरूनही नाव पाडून पाहिलं. पण महिन्या-दोन महिन्यांत ही नावं मागे पडली आणि तीन वर्षांपूर्वीच्या टवाळीतलं नाव वर आलं. असं का झालं? माझ्या मते यमक हे एक कारण, कारण गाण्यात बसलेला शब्द डोक्यातून जात नाही. दुसरं असं की ‘लुई’ हे राजाचंही नाव होतं, त्यातून अर्थाचा भलताच गोंधळ उडत असणार. तिसरं, लुई सचिव स्वतः मे १७९२ मध्ये वारले. गियोतँ जिवंत होते, सभेत गाजलेले होते, आणि ‘माझं यंत्र’ हे शब्द त्यांच्याच तोंडचे होते.

तसं पाहिलं तर कल्पनाही नवी नव्हती. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावात कित्येक शतकं असंच पडतं पातं होतं, आणि साडेतेरा पेनींची चोरी केली तरी माणूस त्याखाली जायचा. ते १६५० पर्यंत वापरात होतं. स्कॉटलंडच्या एडिंबरामध्ये १५६४ मध्ये बांधलेलं यंत्र १७१० पर्यंत चाललं, आणि आजही ते तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात उभं आहे. त्याचं नाव ‘मेडन’, म्हणजे कुमारिका. फ्रेंच लोकांनी पुढे गिलोटिनला ‘विधवा’ म्हटलं. कुमारिका, लुईझेत, विधवा: पुरुषांनी बांधलेल्या, पुरुषांनी चालवलेल्या या यंत्रांना बायकांचीच नावं का सुचावीत, हे कुणीतरी एकदा नीट अभ्यासायला हवं.

टोपणनावांना तर ऊत आला होता. ‘राष्ट्रीय वस्तरा’ हे एक. ‘पिशवीत शिंकणं’ म्हणजे गिलोटिनखाली जाणं, कारण डोकं समोरच्या पिशवीत पडे. ‘छोट्या खिडकीतून डोकं काढणं’ हाही तोच अर्थ. सरकारी कागदात मात्र फार सोवळं नाव: ‘न्यायाची लाकडं’. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या कैद्यांच्या वसाहतीत माणसं तापाने आणि कष्टाने मरू लागली, तेव्हा तिला ‘कोरडी गिलोटिन’ म्हणू लागले. रक्त न सांडता मारणारी, म्हणून कोरडी.

यंत्र सुरू झाल्यावर वर्षाच्या आत, २१ जानेवारी १७९३ ला, राजा गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात राणी मारी आंत्वानेत. मग दहशतीचा काळ आला आणि देशभरात सुमारे १७ हजार माणसांना मृत्युदंड झाला, त्यातले अडीच हजारांहून जास्त पॅरिसमध्ये. २८ जुलै १७९४ ला त्या दहशतीचा म्होरक्या रोबेस्पिएर याचीच पाळी आली. पण मला यातली सगळ्यात बोचणारी जोडी वेगळी वाटते. १७८४ मध्ये, क्रांतीच्या पाच वर्षं आधी, राजाने एक समिती नेमली होती. मेस्मर नावाचा वैद्य ‘प्राण्यांच्या चुंबकत्वाने’ रोग बरे करतो म्हणे, त्यात तथ्य किती ते तपासायचं होतं. समितीत अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन होता, आपल्या शाळेच्या रसायनशास्त्रात भेटणारा लॅव्हॉझिए होता, खगोलशास्त्रज्ञ बायी होता आणि आपले डॉक्टर गियोतँही होते. चौघे एका टेबलाशी बसून एका भोंदूपणाचा शांतपणे छडा लावत होते. पुढे बायी पॅरिसचे महापौर झाले आणि नोव्हेंबर १७९३ मध्ये गिलोटिनवर गेले. लॅव्हॉझिए मे १७९४ मध्ये गेले. सहकाऱ्याच्या आडनावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राने.

आणि गियोतँ? दहशतीच्या काळात तेही काही काळ तुरुंगात होते, पण सुटले. ‘स्वतःच्याच यंत्राखाली मेले’ ही गोष्ट आजही व्हॉट्सॲपवर फिरते. ती खोटी आहे. बहुधा लिऑन शहरात मारल्या गेलेल्या त्याच आडनावाच्या दुसऱ्या डॉक्टरमुळे घोटाळा झाला असावा. आपले डॉक्टर पुढे वीस वर्षं जगले. इंग्लंडमध्ये जेन्नरने शोधलेली देवीची लस फ्रान्समध्ये रुजवण्याच्या कामात ते आघाडीवर होते. २६ मार्च १८१४ रोजी पॅरिसमध्ये, एका चिघळलेल्या गळवाने, अंथरुणावर त्यांचं निधन झालं. लसीमुळे किती मुलं वाचली ते कुणी मोजलेलं नाही, आणि लसीच्या कुठल्याही बाटलीवर त्यांचं नाव नाही.

यंत्र मात्र टिकलं. शेवटचा उघड्यावरचा वध १७ जून १९३९ ला व्हर्सायमध्ये झाला. त्या गर्दीचं वागणं बघून सरकारने हे काम तुरुंगाच्या भिंतीआड नेलं. शेवटचा वापर १० सप्टेंबर १९७७ चा, मार्सेयच्या तुरुंगात. म्हणजे आपल्याकडे आणीबाणी उठून निवडणुका होऊन गेल्या होत्या, तेव्हा फ्रान्समध्ये गिलोटिन चालू होतं. ९ ऑक्टोबर १९८१ ला न्यायमंत्री बादँतेर यांच्या पुढाकाराने मृत्युदंडच रद्द झाला.

मराठी वाचकाला हा शब्द आता मुख्यतः मार्चमध्ये भेटतो: ‘लोकसभेत उरलेल्या मागण्यांवर गिलोटिन’. ही बातमी बरेच जण उलटी वाचतात. मागण्या कापल्या, निधी गेला, असं वाटतं. प्रत्यक्षात मागण्या मंजूर होतात. प्रत्येक मंत्रालयाच्या खर्चाच्या, म्हणजे अनुदानाच्या मागण्या सभागृहापुढे येतात, त्यांवर चर्चेसाठी ठरावीक दिवस असतात. शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की अध्यक्ष चर्चा थांबवतात आणि उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. लोकसभेच्या नियमावलीत हा २०८ वा नियम. मान उतरते ती चर्चेची. पैसे कमी करायचे असतील तर त्यासाठी ‘कपात सूचना’ हा वेगळा मार्ग आहे. वादाची वेळ तोडण्यासाठी हा शब्द ब्रिटिश संसदेने एकोणिसाव्या शतकात वापरायला सुरुवात केली आणि तिथून तो आपल्याकडे आला.

डॉक्टरांच्या शब्दकोशातही तो परत शिरला. टॉन्सिल काढायचं एक जुनं हत्यार याच नावाचं. जखमी अवयव एका घावात सरळ रेषेत तोडायच्या तातडीच्या शस्त्रक्रियेलाही इंग्रजीत हेच नाव.

आणि छापखान्यात. कागदाची थप्पी दाबून एका फटक्यात कापणारं यंत्र इंग्रजीत गिलोटिन. आपले बाइंडर त्याला सरळ ‘कटिंग मशीन’ म्हणतात. फ्रान्समध्ये मात्र कागदाच्या यंत्राला गिलोटिन म्हणत नाहीत. तिथे त्याला ‘मासिको’ म्हणतात, आणि तेही एका माणसाचं आडनाव. १८४४ मध्ये त्याने या यंत्राचं पेटंट घेतलं, म्हणजे या वेळी निदान ज्याचं यंत्र त्याचंच नाव लागलं. या मासिकोचं पहिलं नाव होतं गियोम.